के. आर. पुरमची बाळस्पर्धा

माझी मुलगी रांगायला लागली, त्याच सुमाराला मी बाळांच्या पावडरच्या दुधाच्या जाहिरातींवर नजर ठेवायचं काम पत्करलं. पगाराचं काम नव्हतं. मल्लेश्वरमला आमच्या गल्लीच्या टोकाशी ग्राहकांची एक छोटी संघटना होती. तिथे एक निवृत्त नर्सबाई बसायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायला लागले.

तेव्हा कायदा नवा होता. दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र नको, जाहिरात नको, आयांना फुकट डबे वाटायचे नाहीत. डबे विकायला मनाई नव्हती, आयांना भुलवायला होती. पण कायदा पाळला जातोय की नाही हे दुकानांतून, दवाखान्यांतून फिरून बघायला माणसं हवी होती. अक्का मला म्हणाल्या, "तू चल. कडेवर पोर असलेल्या बाईचा कोणाला संशय येत नाही."

माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे कन्नडची अडचण नव्हती. सासूबाई मात्र म्हणाल्या, "लोकांच्या पोरांच्या दुधाची उठाठेव तुला कशाला गं?" तरी निघताना लेकीची दुपटी पिशवीत त्याच भरायच्या.

बहुतेक दिवस साधेच जायचे. औषधांच्या दुकानात जायचं, ग्लुकोजचा पुडा घ्यायचा आणि काउंटरवर काय मांडलंय ते बघून ठेवायचं. पुठ्ठ्याचं हसरं बाळ दिसलं की सांगायचं, "अण्णा, हे आता चालत नाही." काही दुकानदार "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून ते आत टाकायचे, काही माझ्याकडे बघतही नसत. मला ते काम आवडायला लागलं होतं. घराबाहेर पडायला मिळायचं, लेकीला वारा लागायचा आणि अक्कांच्या गप्पा ऐकायला मिळायच्या.

एकदा बातमी आली की के. आर. पुरमला एका कल्याणमंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, सुदृढ बाळस्पर्धा आहे आणि बक्षिसं दुधाची कंपनी देणार आहे. रविवारी आम्ही दोघी, खरं तर तिघी, बस बदलत तिथे पोचलो.

हॉल भरलेला होता. काजळ, कुंची, मोत्याच्या माळा, रडारड. वजनाचा काटा एका टेबलावर आणि दुसऱ्या टेबलावर दुधाच्या डब्यांचा मनोरा. कंपनीचा माणूस तरुण होता, टाय बांधलेला, सगळ्यांशी अगदी गोड बोलत होता. येणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात तो एक लहान डबा ठेवत होता. मलाही दिला. "मॅडम, तुमचं बाळ जरा बारीक आहे, हे चालू करा," असं म्हणाला. आधी मला हसू आलं. मग लेकीच्या दंडाकडे नजर गेली आणि क्षणभर खरंच वाटलं, बारीक तर नाही ना? मला सगळं माहीत असून असं वाटलं, तर बाकीच्या आयांचं काय होत असेल!

अक्का सरळ स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांकडे गेल्या. ते एक भले गृहस्थ होते. मुलांचं कौतुक करायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. अक्कांनी कायदा सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "अम्मा, मला खरंच कल्पना नव्हती," म्हणाले आणि कंपनीच्या माणसाला डबे उचलायला सांगितलं. तो कुरकुरला, मग मुकाट्याने खोक्यात डबे भरायला लागला.

आता आया आमच्यावर उखडल्या. "सकाळपासून पोराला सजवून आणलंय, आता स्पर्धा बंद?" एकजण म्हणाली. मागून एक आजीबाई पुढे आल्या. त्यांचं एवढंसं नातवंड खांद्यावर झोपलं होतं. "माझी सून बाळंतपणात गेली," त्या म्हणाल्या. "ह्याला मी काय पाजू? तुम्ही तेही बंद करणार?"

अक्कांनी आजीबाईंना खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. "आजी, ह्याला हेच दूध लागणार, आणि ते दुकानात मिळतंच. पाजा खुशाल. पाणी उकळून घ्या, वाटी-चमच्याने पाजा, आणि डबा पुरावा म्हणून पातळ करू नका. ज्यांना अंगावर दूध आहे त्यांना फुकट डबा देऊन ते आटवू नये, एवढंच आमचं म्हणणं." आजीबाईंनी दोनदा विचारून घेतलं. मग नातवाची कुंची सारखी करत म्हणाल्या, "सरी. मग ठीक आहे."

अध्यक्षांनी तेवढ्यात माइक हातात घेतला होता. "स्पर्धा होणार!" ते म्हणाले. "फक्त बक्षीस बदललं आहे." त्यांचा भाऊ चिकपेटला कापडाचा घाऊक व्यापारी होता, तो तिथेच बसलेला होता. त्याच्या टेम्पोत मऊ मलमलीचे तागे पडलेले होते. ज्याच्या त्याच्या अंगाला बसेल असं झबल्याचं कापड फाडून प्रत्येक बाळाला मिळालं. पहिला नंबर कोणाचा, हे मग कोणी विचारलंच नाही. कापडावरच सगळ्यांचं लक्ष होतं. एकीला पिवळंच हवं होतं, आणि तिने ते शेजारणीशी बदलूनही घेतलं.

कंपनीचा माणूस खोकी घेऊन निघाला तेव्हा मी त्याने दिलेला डबा त्याच्या हातात परत ठेवला. त्याने तो खोक्यात टाकला. मला त्याचा राग आला नाही. त्यालाही नोकरीच करायची होती.

त्या दिवसाची रीतसर तक्रार आम्ही दिली. तिचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. पण अध्यक्षांनी पुढच्या वर्षी अक्कांनाच पाहुण्या म्हणून बोलावलं आणि आयांसाठी बोलायला सांगितलं. अक्का तासभर बोलल्या. निम्म्या आया तिथेच पदराआड बाळाला घेऊन बसल्या होत्या, एकीकडे ऐकत होत्या, एकीकडे पाजत होत्या. माझी लेक तोवर पळायला लागली होती. मी तिच्या मागे हॉलभर धावत होते. भाषणातलं फारसं काही माझ्या कानावर पडलं नाही, पण त्याची मला हळहळ नाही.