खाटेखाली राहिलेला पाट

आमच्या घरचा गणपती पेणच्या एका लहानशा कारखान्यातून येतो. त्यासाठी आषाढातच घरचा लाकडी पाट विडा-सुपारी ठेवून कारखान्यात नेऊन द्यायचा. शाडूची मूर्ती त्याच पाटावर बसवतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती पाटासकट घरी आणायची. मिठागरात वर्षानुवर्षं काम करून वडिलांचे गुडघे गेले, तेव्हापासून पाट पोचवणं माझ्याकडे आलं. सुट्टी संपवून गावाहून रोह्याला परतताना पेणला गाडी बदलावी लागतेच. तेवढ्यात कारखान्यात जायचं, पाट द्यायचा, चहा घ्यायचा आणि पुढची एसटी धरायची.

त्या वर्षी पेणला उतरलो, पण कारखान्याकडे वळलो नाही. तिथे गेलो की सगळे विचारणार, कसा हायस, आणि हसून उत्तर द्यावं लागणार. तेवढीही ताकद नव्हती. समोर रोह्याची एसटी उभी होती, तीत जाऊन बसलो. गोणपाटात गुंडाळलेला पाट माझ्याबरोबर रोह्याला आला आणि खोलीतल्या खाटेखाली गेला.

मी रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. दुःख करावं असं काही घडलं नव्हतं. नोकरी पक्की झाली होती, आई-वडिलांची तब्येत बरी होती. तरी उन्हाळा सरता सरता मन खाली खाली जायला लागलं. कंपनीतलं काम मात्र चुकायचं नाही. तिथे पुढे काय करायचं ते कागदावर लिहिलेलंच असतं. शिफ्ट संपवून खोलीवर आलो की काय करावं ते कळायचं नाही. डबा न उघडता तसाच परत जायचा. पहाटे चारलाच जाग यायची आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायचं.

सणाचा विचार आला की ते ओझं वाढायचं. आमच्याकडे गौरी-गणपतीला माणसांची रीघ लागते. पूजा पुस्तकातून मी वाचायची, आरतीला पुढे मी, पाहुण्यांच्या मुलांना कॉलेजबद्दल मी सांगायचं, कारण घरातला शिकलेला मी. आईने पायांना भेगा पडेपर्यंत मिठात उभं राहून ज्याला शिकवलं, त्याने उदास कशापायी व्हायचं, असं मीच मला दरडावायचो. त्या दरडावण्याने आणखी गप्प व्हायचो.

वडिलांचा फोन आला. "पाट दिलास ना रं?"

"दिला, बाबा."

इतकं सहज खोटं मी त्यांच्याशी पूर्वी कधी बोललो नव्हतो. पुढच्या सुट्टीला देऊ म्हणत दोन सुट्ट्या गेल्या. चतुर्थी पाच दिवसांवर आली तेव्हा पाट काखेत घेऊन कारखान्याच्या दारात उभा राहिलो.

तिथे मूर्तींचे डोळे आखणाऱ्या एक काकू आहेत. बारीक कुंचला हातात असला की त्या कुणाशी बोलत नाहीत. हातातली मूर्ती पुरी करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आलास व्हय? तुमचा पाट दिसला नाय, म्हटलं दुसऱ्या कारखान्यात गेले का काय."

"नाही काकू, राहिलाच. आता होईल का?"

"आता शाडू कवा वाळंल? पाऊस बघतोस ना भायेर? रंग लावला तर पाटावर ओघळंल." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "विसरलास?"

"कंपनीत काम फार होतं."

"हे बघ, मी दिवसभर देवाचे डोळे काढते. मला थापा नको मारूस. झोप लागते का तुला?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि कुंचला पाण्यात बुडवून ठेवला. सणाआधीच्या त्या घाईत त्यांनी कुंचला बाजूला ठेवला, ही गोष्ट मी विसरणार नाही.

"गणपती गेले का हा कारखाना रिकामा होतो," त्या म्हणाल्या. "मग माझा हात उचलत नसं. चूल पेटवाया नको वाटं. दोन वरसं कुणाला सांगितलं नाय, लोक म्हणतील बाईला काय धाड भरली. मग मुलीनं डॉक्टरकडं नेलं. गोळ्या घेतल्या, बोलणं झालं. आता सण सरायच्या आधीच जाऊन येते. तू घरी सांगितलंस?"

"बाबांना वाटतंय पाट दिलाय."

"मग पयलं ते सांग."

एका गिऱ्हाइकाने जास्तीची करायला सांगून नंतर नको म्हटलेली शाडूची मूर्ती त्यांच्याकडे होती. वीतभर उंचीची, कोरडी, अजून न रंगवलेली. रंगकामाची सगळी माणसं गुंतलेली होती. काकूंनी स्वतः तिला पांढऱ्या रंगाचा हात दिला, डोळे आखले, सोंडेवर गंध काढलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तीच मूर्ती आमच्या पाटावर ठेवून, तिच्या तोंडावर रुमाल टाकून मी रिक्षाने घरी निघालो. वाटेत सांगण्यासाठी एक बरीशी सबब जुळवत होतो. कारखान्यात गर्दी, पाऊस, रंगारी आजारी.

आईने दारात माझ्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीला ओवाळलं. वडिलांनी रुमाल काढला आणि बघतच राहिले. आमची मूर्ती दरवर्षी हातभर, पिवळ्या पितांबराची. मोठ्या पाटाच्या मधोमध हा एवढासा पांढरा गणपती.

"पाट वाढला का देव आटला?" वडील म्हणाले.

आईला हसू आलं. मलाही यायला हवं होतं.

"बाबा, पाट मी दिलाच नव्हता. रोह्याला खाटेखाली होता. फोनवर खोटं बोललो."

मग जे होत होतं ते सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मागचं पुढे झालं. आई तबक हातात घेऊन उभीच होती. वडील गुडघे चोळत खाली टेकले.

"मी काय तुझा सायब हाय, माझ्यापासून रजेचं कारण लपवाया?" ते म्हणाले. आवाजात राग होता, पण तो खोट्याबद्दलचा होता. "जेवतोस का नाय ते पण खोटं सांगत व्हतास?"

"हो."

"बघ गो," ते आईला म्हणाले, "म्हणून हाडं दिसत्यात."

त्या वर्षी पूजा चुलत बहिणीने वाचली. दोन ठिकाणी अडखळली, कुणाचं काही अडलं नाही. आईने मला स्वयंपाकघरात बसवून मोदक वळायला लावले. माझे फुटायचे, ते तिथेच खायचे असा तिने नियम केला. दुपारी माणसं आली की वडील मला मागच्या पडवीत झोपायला पाठवायचे. आत्याने विचारलं, "कुठं गेला तुमचा साहेब? लग्नाचं विचारायचं व्हतं." आतून आईचा आवाज आला, "त्याला बरं नाय. तुला लाडू हवाय का लग्न?"

मी काही लगेच बरा झालो नाही. गौरीच्या फेराची गाणी चालू असताना एकदा उठून बांधापर्यंत जाऊन आलो, तेव्हा डोळे ओले होते. पण चोरून जावं लागलं नाही. चुलतभाऊ मुकाट्याने सोबत चालला, आणि आम्ही परत आलो.

विसर्जनानंतरच्या सोमवारी रोह्यात मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मी म्हटलं, मी एकटा जाईन. वडिलांनी ऐकलं नाही. धुतलेला सदरा घालून, काठी घेऊन ते माझ्याबरोबर आले. बाहेरच्या बाकावर आमच्याशेजारी एक मुस्लिम गृहस्थ बायकोला घेऊन बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "चाचा, तुम्हाला दाखवायचंय?"

मी खाली बघितलं.

"नाय, मुलाला," वडील चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले. "कंपनीत कामाला हाय. मन बरं नाय त्याचं, म्हणून आणलाय."

"होतं असं," ते गृहस्थ म्हणाले आणि बायकोकडे बघितलं. "आम्ही तिसऱ्यांदा आलोय. फरक पडतो."

वडिलांनी मान डोलावली आणि त्यांना विचारलं, "गोळीनं भूक लागते का ओ?" ते दोघं भुकेबद्दल, झोपेबद्दल बोलत राहिले, जसे मिठागराच्या बांधावर बसून उन्हापावसाबद्दल बोलत असतील. माझा नंबर पुकारला तेव्हा मी उठलो आणि आत गेलो.