डोन गास्पारच्या खोलीतलं धुकं

मेरिदा शहरात लग्न असो की बेसबॉलचा सामना, माइकवर गास्पार कान्चे नसेल तर लोकांना कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नसे. निदान गास्पारचं तसं म्हणणं होतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्याचा आवाज घरात मावेना. "जेवण तयार आहे" एवढं साधं वाक्य तो अशा थाटात उच्चारी, की जणू नवरी दारात येऊन थांबली आहे.

"म्हाताऱ्या, मी समोरच उभी आहे," त्याची बायको लांदी म्हणायची. "आणि जेवण मीच केलंय."

डॉक्टरांनी त्याला डुकराची चरबी सोडून पालेभाज्या खायला सांगितल्या. दुसरा कोणी बाजारातून जुडी आणून मोकळा झाला असता. गास्पारने मागची खोली रिकामी केली. लांदीचा दुपारच्या झोपेचा झोपाळा स्वयंपाकघरात आला आणि त्या खोलीत माणसाच्या उंचीचे चार पांढरे खांब उभे राहिले. खिडकीला काळा पडदा, वर जांभळे दिवे. खांबांच्या भोकांत लेट्यूसची रोपं, आणि त्यांची मुळं आत नुसती हवेत लोंबकळणारी. मातीचं नाव नाही. थोड्या थोड्या वेळाने पंप घुरघुरायचा आणि केसाएवढ्या भोकांच्या तोट्यांतून पाण्याचं धुकं मुळांवर पडायचं. एका खांबाला गास्पारने मुद्दाम काचेचं दार लावून घेतलं होतं. भाजी वाढली नाही तरी चालेल, धुकं दिसायला हवं.

ते बघायला माणसं येऊ लागली. गास्पार त्यांना दारातच थांबवी, घसा साफ करी आणि भाषण सुरू करी. पुन्हा श्रोते मिळाल्याने त्याचा रंग उजळला. लेट्यूसचा तेवढा उजळला नाही.

कारण धुकं हळूहळू विरळ होत चाललं होतं. मेरिदाचं पाणी चुनखडीतून येतं. आंघोळ केली तर केसांचा काथ्या होतो. पण गास्पारच्या मते पाण्यात दोष असणं शक्यच नव्हतं. त्याने स्वतःच्या हातांनी नळाला फिल्टर बसवला होता.

गल्लीतला न्हावी फेर्मीन त्साब तपासणीला आला. त्याने पंपाला कान लावला आणि आदराने 'डोन' म्हणत निकाल दिला.

"डोन गास्पार, पंप म्हातारा झालाय."

"अहो, नवा आहे तो."

"काही जन्मतःच म्हातारे असतात."

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशी गत झाली. गास्पारने दांडगा पंप आणला. त्याने पहिल्याच झटक्यात नळी उडवली आणि आधी फेर्मीनला, मग छताला भिजवलं. नळी आवळून बांधली, तर पंपाच्या जोराने कुठूनशी घाण सुटून तोट्यांत जाऊन बसली. मग फेर्मीनलाच आठवलं, की आंबट संत्र्याच्या रसाने चुना विरघळतो. ते खरंही होतं. तोट्या रसात बुडवल्या, चुना गेला, आणि त्याच्या जागी संत्र्याचा चोथा अडकला. खोलीला मात्र त्या रसात मांस मुरवत ठेवल्यासारखा खमंग वास सुटला. चरबी सोडलेल्या गास्पारला तो फार जड गेला.

अशात पेन्शनर मंडळाच्या अध्यक्षा डोन्या निदेल्विया यांचा निरोप आला, की सगळं मंडळ उद्या बाग बघायला येतंय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं साफ बंद पडलं.

गास्पार इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन लांदीकडे गेला.

"तू खांबाच्या मागे बसायचं. मागच्या झडपेतून आत फवारत राहायचं."

"आणि बोलायचं?"

"अजिबात नाही."

"मग सवयीचंच आहे," लांदी म्हणाली आणि स्टूल घेऊन मागे जाऊन बसली.

मंडळ आलं. गास्पारने आवाज लावला. "धरणीमातेचं बोट सोडून ही कोवळी मुळं आज आकाशात उभी आहेत," इथून तो सुरू झाला. काचेमागे झकास धुकं उठलं. निदेल्वियाबाईंनी हात जोडले. तेवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण श्रोते समोर असताना गास्पार कधी थांबल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तो मानवजातीच्या भुकेवर गेला, तिथून चंद्रावरच्या शेतीवर गेला. धुकं दमलं. मग आचके देत येऊ लागलं. मग थांबलं.

"बंद पडलं का हो?" निदेल्वियाबाईंनी विचारलं.

"ही विश्रांतीची वेळ आहे, बाई. वनस्पतीलाही विश्रांती लागते."

"वनस्पतीला मिळाली," खांबामागून आवाज आला, "मला कधी?"

लांदी कोपरापर्यंत भिजलेली बाहेर आली. फवाऱ्याची बाटली तिने गास्पारच्या हातात दिली आणि मनगट चोळत उभी राहिली. मग मागच्या रांगेत एका म्हाताऱ्याला हसू आवरेना, आणि सगळं मंडळ खिदळलं.

"फवारलंत छान हो, डोन्या लांदी," निदेल्वियाबाई डोळे पुसत म्हणाल्या. बायका लांदीबरोबर स्वयंपाकघरात गेल्या. तिकडून तळणाचा वास आणि गप्पा येत राहिल्या. गास्पार खांबांपाशी एकटाच राहिला.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. जेवण तयार झालं तरी कळेना. आधी लांदीला ती शांतता गोड लागली. मग घर कुणी गेल्यासारखं वाटू लागलं. एका सकाळी कॉफी घेऊन ती मागच्या खोलीत गेली, तर गास्पार चष्मा लावून फरशीवर बसलेला, पुढ्यात फिल्टर उघडलेला. आतली गाळणीची गुंडाळी बाहेरून पांढरीशुभ्र होती आणि आतून चिखलाने बरबटलेली.

"लांदी," तो अगदी हळू म्हणाला, "या डब्यावर बाण आहे बघ."

"आहे."

"पाणी कुठून येतं?"

लांदीने नळाकडे बघितलं, मग बाणाकडे बघितलं.

"मी उलटा बसवला," गास्पार म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. "कॉफी गार होतेय," ती म्हणाली.

मग दोघांनी मिळून काम काढलं. डबा सुलटा केला, नवी गुंडाळी घातली, तोट्या व्हिनेगरमध्ये भिजवून सुईने कोरल्या. फिल्टरने गाळ अडतो, विरघळलेला चुना अडत नाही, हेही गास्पारने मुकाट्याने वाचून काढलं आणि पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटलीकडे हात नेला.

"माणसांनी नळाचं प्यायचं आणि पाल्याने बाटलीतलं?" लांदीने हात धरला. शेवटी निम्मं निम्मं ठरलं.

पंप खोकला, थांबला, आणि चारही खांबांत धुकं भरलं. पुढे लेट्यूस तरारलं. पहिलं ताट लांदीने वाढलं, मुळ्याच्या चकत्या आणि भोपळ्याच्या भाजलेल्या बिया वर टाकून. गास्पार तिच्या तोंडाकडे बघत बसला.

"कसं लागतंय?"

लांदीने बराच वेळ चावलं. "पाण्यासारखं."

"स्वच्छ पाण्यासारखं," गास्पार म्हणाला.

"मीठ सरकव इकडे," लांदी म्हणाली आणि आणखी वाढून घेतलं.