बानूबाईंचा खायचा बंगला

अणदूरच्या पंचक्रोशीतून गेल्या चाळीस वर्षांत जेवढ्या मुली 'हुशार' म्हणून सासरी गेल्या, त्यातल्या निम्म्या बानूबाईंच्या हुशारीवर गेल्या. लग्नात मांडवाच्या कडेला टेबलं लावून रुखवत मांडतात. त्यात सुपारीचे भटजी असतात, खोबऱ्याच्या वाट्यांचं कमळ असतं, लाह्यांची बाग असते आणि मधोमध चॉकलेटचा बंगला असतो. पुढं पुठ्ठ्याची पाटी, 'वधूने स्वतः बनविलेले.' वधूने बनवलेली फार तर ती पाटी असायची, आणि तीही पुष्कळदा भावाच्या अक्षरात असायची. बाकी सगळं बानूबाईंचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, फक्त इथं नागोबाला शालू नेसवलेला असतो.

बानूबाई साठीच्या पुढच्या, काटक, बोलायला तिखट. नवरा लिंबाजी मेंढरांमागं आठ-आठ महिने रानोमाळ, आणि बानूबाई घरी बसून बंगले बांधायच्या. स्वतःचं घर पत्र्याचं, पण त्याबद्दल त्यांनी कधी सुस्कारा टाकल्याचं मी ऐकलं नाही. चॉकलेटच्या कौलाचा उतार चुकला की मात्र दोन दिवस घरात कुणाशी बोलायच्या नाहीत.

हे बंगले बघण्यासाठी असत. भिंती फेविकॉलनं चिकटवलेल्या, वर मुंग्या लागू नयेत म्हणून फर्निचरच्या वॉर्निशचा हात. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण ज्यानं काढली त्यानं आधी आमच्याकडचं एखादं रुखवत पाहिलं असावं. एकच बंगला सात-सात लग्नं फिरायचा, दर वेळी पाटी नवी. एकदा नवरदेवाच्या मामांना जेवणाची पंगत बसेपर्यंत दम निघाला नाही, म्हणून त्यांनी बंगल्याचा खांब मोडून तोंडात टाकला. खांब काही सुटला नाही, मामांची कवळी मात्र सुटून हातात आली. मामा आजही त्या गावाशी सोयरीक करत नाहीत.

मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आमची घरं समोरासमोर. एकदा पाण्याचा टँकर यायचा होता, तेव्हा ओट्यावर बसून बानूबाई मला म्हणाल्या, "मास्तर, म्या एवढं केलं, पण माझ्या हातचं कुणी खाल्लं न्हाय. लोकं येत्यात, बोटानं दावत्यात, 'लई छान दिसतंय' म्हणत्यात आन् जात्यात. एकदा कुणीतरी खावं बगा." मी म्हणालो, मग फेविकॉल लावता कशाला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी टँकर आला का ते पाहायला उठलो.

पुढं सून आली. करिश्मा. तिनं मोबाइलवर बघून केक शिकून घेतला, बाहेरच्या खोलीत भट्टी बसवली आणि बोर्ड लावला. आता केकाचं आमच्याकडं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चौकात मोटारसायकलच्या सीटवर केक ठेवतात, कापतात, आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या नाकाकानांत भरतात. उरलेला त्याच्या मित्रांना फासतात. कुत्री तेवढी दोन घास खातात, तीही संशयानं. म्हणजे एकाच घरात सासू जे करायची ते लोक बघायचे आणि सून जे करायची ते लोक फासायचे. खायला मात्र दोघींना ज्वारीची भाकरीच.

अशात गुंडाप्पांचा अमृतमहोत्सव आला.

गुंडाप्पा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, वय पंच्याहत्तर, शिल्लक दात तीन. तरुणपणी तंबाखू इतकी खायचे की बैलसुद्धा वासानं ओळखायचे. एका रविवारी खंडोबापुढं भंडारा उचलून त्यांनी ती सोडली, आणि बंडीच्या ज्या खिशात पुडी असायची तिथं चॉकलेटं आली. आमच्याकडं कागदात गुंडाळलेलं काहीही गोड चॉकलेटच म्हटलं जातं, पण आप्पांना फरक कळायचा. नुसती साखरेची गोळी कुणी पुढं केली तर ते ती नम्रपणे परत करत. डॉक्टरांना त्यांच्या रक्तात साखर कधी सापडली नाही. त्यांच्या सुनेला ती रोज सापडायची, म्हणून घरात चॉकलेट बंद होतं आणि आप्पा ते देवळाच्या मागं उभं राहून खात.

त्यांचा नातू कुलदीप हा 'भावी' आहे. भावी काय, ते अजून ठरलेलं नाही. फ्लेक्सवर 'भावी' लिहून पुढची जागा मोकळी सोडलेली आहे, जे तिकीट मिळेल ते तिथं बसवायचं. तर या कुलदीपनं आजोबांचा वाढदिवस जोरात करायचं ठरवलं, कारण स्वतःचा त्या वर्षात दोनदा करून झाला होता. मोबाइलवरचा एक फोटो घेऊन तो करिश्माकडं आला. वर गोळ्या-चॉकलेटांनी मढवलेला बंगला असलेला परदेशी केक होता. "असाच पायजे. आजोबांना चॉकलेट आवडतंय. साहेब येणार हायेत, तवा फोटोत उठून दिसला पायजे."

करिश्मा सासूला आत्या म्हणायची. ती म्हणाली, "केक मी करते, पण ह्यो वरचा बंगला आत्याच करू शकतील."

त्याच दुपारी गुंडाप्पा स्वतः काठी टेकत आले. इकडं-तिकडं बघून हळूच म्हणाले, "बानूबाई, एक अर्ज हाय. त्यो बंगला खाता येईल असा करा. फेविकॉल नका लावू. मला दात तीनच हायेत."

 आप्पा गेल्यावर बानूबाईंनी फेविकॉलचा डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि ट्रंकेतली जुनी चॉकलेटं, ज्यातली काही मागच्याच्या मागच्या निवडणुकीपासूनची होती, उकिरड्यावर नेऊन टाकली. बायकोनं मला हे खिडकीतून दाखवलं, तेव्हा मला कळलं की या वेळी प्रकरण गंभीर आहे.

पुढचे दोन दिवस त्या घरात युद्ध चाललं. चॉकलेट वाफेवर वितळवायचं असतं आणि त्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये, हे बानूबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी सवयीनं ओला हात लावला आणि पातेलंभर चॉकलेटाचा रवाळ गोळा झाला. करिश्मा म्हणाली, "आत्या, मी सांगितलं होतं." सासूला असं सांगितलेलं आठवत नसतं, पण या वेळी बानूबाईंनी ते मान्य केलं, हात कोरडे केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भिंतींना क्रीमची बिस्किटं, सांधायला गुळाचा पाक. बंगला मांडवात तासभर उभा राहायला हवा, म्हणून पाक चांगला कडक केला. कौलं चॉकलेटच्या वड्यांची, एकेक घासून उतारावर बसवलेली. खिडक्यांना पिवळ्या पारदर्शक गोळ्या, अंगणात रंगीत बडीशेपेची वाळू, कुंपणाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कांड्या. प्रत्येक वस्तू लावायच्या आधी आप्पांच्या दाताला झेपेल का, म्हणून त्या स्वतः दाढेखाली दाबून बघत होत्या. चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा केली.

मला म्हणाल्या, "मास्तर, उद्या मांडवात या. आप्पा खात्यात का न्हाय ते बगायचंय." मी कुठल्याही वाढदिवसाला जात नाही, पण या वेळी गेलो.

समारंभ चारचा होता, म्हणजे साहेब सहाला येणार होते. गुंडाप्पांना सिंहासनासारख्या खुर्चीत बसवलं होतं, फेटा बांधून, हार घालून. समोर हातभर अंतरावर बंगला. खरं सांगतो, मी रुखवतं पुष्कळ पाहिली आणि त्यांच्यावर तोंडसुखही पुष्कळ घेतलं, पण त्या बंगल्याभोवती मीही दोन फेऱ्या मारल्या. चॉकलेटाचा वास मांडवभर पसरला होता. आप्पा दोन तास त्या कौलांकडं बघत बसले. एकदा त्यांचा हात पुढं गेला, तर सुनेनं लांबूनच डोळे वटारले. दरम्यान गावानं रांग लावून बंगल्यासोबत फोटो काढले. ज्याचा वाढदिवस होता तो माणूस बऱ्याच फोटोंत अर्धाच आला.

साहेब आले. त्यांनी बंगला पाहिला, छातीवर हात ठेवला आणि माइकवर म्हणाले, "ही कला आहे. हिच्यावर सुरी चालवायचं पाप माझ्या हातून होणार नाही."

टाळ्या. आणि मग कुणाच्याच हातून ते पाप होईना. साहेबांनी ज्याला पाप म्हटलं ते करणारा कार्यकर्ता अजून जन्माला यायचाय. कुलदीपनं तिथल्या तिथं तोडगा काढला. स्टँडजवळच्या बेकरीतून दुसरा साधा केक मागवला. तो आला, साहेबांनी आप्पांचा हात धरून कापला, आणि एक तुकडा आप्पांच्या तोंडाकडं नेता नेता कॅमेऱ्याकडं बघून त्यांच्या गालाला फासला. मग बाकीच्यांनी आपापली निष्ठा फासली. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस डोळे मिटून बसला होता आणि मिशीतून क्रीम गळत होतं. मला त्या क्षणी सगळ्यांची मनापासून चीड आली, माझीसुद्धा, कारण मीही खुर्चीतच बसून होतो.

साहेब गेल्यावर कुलदीपनं चार पोरांना बंगला उचलायला सांगितलं. करिश्मानं विचारलं, "कुठं नेताय?"

"घरात. रविवारी हर्षालीचं लगीन हाय ना, रुखवतात ठिवू. काय सुंदर दिसंल." हर्षाली त्याची बहीण. पाटीची ऑर्डरसुद्धा देऊन झाली होती.

"खाली केक हाय, भाऊ," करिश्मा म्हणाली. "आज गुरुवार. रविवारपर्यंत वास मारंल."

"मारू दे की. खाणार कोण हाय?"

बानूबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या चालत पुढं आल्या.

"खाली ठिव."

"मावशी, तुमचं कौतुकच हुईल त्यात..."

"खाली ठिव म्हणलं न्हवं?"

पोरांनी ठेवला. बानूबाईंनी आधी पदरानं गुंडाप्पांचं तोंड पुसलं. मग बंगल्याकडं वळून, ज्या कौलाचा उतार चुकला की दोन दिवस अबोला धरायच्या, ते कौल दोन्ही हातांनी उपसलं. मांडवातून एकदम 'अरारा' असा आवाज उठला. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला भुतानं धरलं. बानूबाईंनी त्याच हातांनी भिंतीचा तुकडा मोडला, खालचा केक त्यावर घेतला, आणि कौलासकट आप्पांच्या ओंजळीत दिला.

"खावा, आप्पा."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं नाही, नातवाकडं पाहिलं नाही. खायला लागले. तीन दातांनी खाणारा माणूस किती वेळ खातो हे त्या दिवशी अख्ख्या गावानं पाहिलं.  बानूबाई त्यांच्या तोंडाकडं टक लावून उभ्या होत्या, हाताला चॉकलेट लागलेलं.

आप्पांनी गिळलं. जरा विचार केला.

"बानूबाई," ते म्हणाले, "पाक करपलाय. भिंत कडू लागतीया."

कुलदीप घाईनं म्हणाला, "आजोबा, असं म्हणत्यात व्हय? एवढं राबून केलंय त्यांनी. छान हाय म्हणा."

"तू गप," बानूबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीचा एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी समोर होतो, मला स्पष्ट दिसलं. "व्हय. करपलाय," त्या म्हणाल्या. "आन् कौल?"

"कौल बेस हाय. अजून एक द्या."

बानूबाईंनी अजून एक कौल दिलं. मग साहेबांची रिकामी मखमली खुर्ची ओढून त्या आप्पांच्या शेजारी बसल्या, लग्नात रुखवत बघायला जमतात तशी जी माणसं भोवती उभी होती, त्यांच्याकडं पाठ करून, आणि म्हणाल्या, "आता नीट खाऊन सांगा, आप्पा. अजून काय काय चुकलंय?"