सतरा नंबरची मादी

माझं काम डॉल्फिन ओळखायचं. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी आमची लहान होडी फिरते आणि वर आलेल्या प्रत्येकाच्या पाठीवरच्या पराचा आम्ही फोटो काढतो. पराच्या मागच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यावरून नंबर द्यायचा. वेल्ह्याच्या डोंगरात वाढलेली मुलगी समुद्रात जाऊन माशांची खानेसुमारी करते, हे आमच्या भावकीला अजून पटलेलं नाही. तो मासा नाही, हे सांगून मीच थकले.

त्या वर्षी भातकापणीला घरी आले होते. दुपारी चारच्या सुमाराला बांधावर, जिथं मोबाईलला रेंज येते तिथं, सोबत काम करणाऱ्या मुलीनं पाठवलेला फोटो आला. किनाऱ्याला एक मेलेली मादी लागली होती. खाली निरोप होता, "ही सतरा आहे का? अंधार पडायच्या आत कळव. सतरा असेल तर पिल्लू एकटं आहे, पहाटे होडी काढावी लागेल."

सतराला मी तीन वर्षं बघत होते. गेल्याच महिन्यात तिच्या अंगाला चिकटून पिल्लू पोहत होतं, दुधावरचं.

गोठ्याच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि जुना फोटो नव्याशेजारी लावला. सतराच्या पराला खाच एकच. मेलेलीच्या पराला दोन. ही ती नाही, असं म्हणून मी मोबाईलवर "नाही" लिहिलंसुद्धा. पण बांधावर जाऊन पाठवायला पाय उचलेना. ती सतरा असू नये असंच मला वाटत होतं, आणि नको असलेलं माझ्या डोळ्यांना दिसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. वीज सकाळपासून गेलेली, लॅपटॉप आता बंद पडेल की मग पडेल अशी गत.

आबा, माझे वडील, धार काढायला आले. माझ्या नोकरीवर त्यांचा मनापासून राग होता.

"आता काय बघत बसलीस?"

सांगितलं. डॉल्फिनची भावकी मोठी, तीसच्या वर जाती, तो काळा-पांढरा शिकारी ऑर्कासुद्धा त्यातलाच. आमचा करडा, पाठीवर उंचवटा असलेला, किनारा धरून राहणारा. आबांचं लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाले, "आन् दूध पाजती व्हय ही?"

"वर्षाच्या वर पाजते."

त्यांनी चरवी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि स्क्रीनपाशी वाकले. चार वाड्यांची गुरं एकत्र चरत असली तरी आपली म्हैस नुसत्या कानावरून ओळखणारा हा माणूस.

"ही वरची खाच जुनी हाय. कड बघ कशी गोल झालीया. खालची नवी. जाळ्यात न्हाईतर कशात फाटलीया, भरलीच न्हाई. म्हशीच्या कानाचं असंच आसतं. तीच हाय ही."

"तुमाला काय कळतंय समुद्रातलं!" मी ओरडलेच.

त्यांनी नुसतं त्या कडेवर बोट ठेवलं. मी फोटो मोठा केला. वरची कड गोल होती, जुन्या फोटोतल्यासारखीच. खालची ताजी, दोरे निघाल्यासारखी. तीन वर्षं हेच काम करूनही मी ते पाहिलं नव्हतं, पाहायचंच नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. रडत रडत बांधावर गेले, "नाही" खोडलं आणि "हो, सतराच" असं पाठवलं.

परत आले तर आबा धार न काढता तसेच बसून होते.

"वासराला दुसरी पाजंल का गं?"

"कधीमधी सांभाळतात म्हणं. पक्कं न्हाई."

"आमी वासराच्या अंगाला मीठ लावून दुसरीफुडं सोडतो. ती चाटती, मंग पाजती." मग चरवी उचलत म्हणाले, "तितं कोन लावनार? कापनी आमी उरकतो. सकाळच्या पयल्या गाडीनं नसरापूर गाठ, भोरला महाडची एसटी मिळंल."

चार दिवस आम्ही होडी फिरवली. कळप दोनदा दिसला. रोज संध्याकाळी आबांचा फोन यायचा, एवढंच विचारायला.

"वासरू घावलं?"

"न्हाई, आबा."

चौथ्या दिवशीही माझं उत्तर तेच होतं. आबा म्हणाले, "येखादीनं न्येलं आसंल संगं."

दुधावरचं वासरू आईवाचून किती दिवस काढतं, हे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत होतं.

"व्हय आबा," मी म्हणाले. "न्येलं आसंल."