लाभूभाईंची हरकत

दाणापीठ रस्त्यावरच्या कडुनिंबाखाली लाभूभाई मकवाणा तीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणतात. जन्मापासून दिसत नाही, पण खुर्ची खाली टेकवली की आवाजावरून ती कुठल्या कचेरीची ते सांगतात. शेजारीच माझं वह्या-कागदांचं दुकान, म्हणून हा तमाशा मी जवळून पाहिला.

आमच्या नगरपालिकेने फुटपाथवर अंधांसाठी उठावाच्या पिवळ्या लाद्या बसवल्या. रांग नाकासमोर चालत आली ती थेट निंबाच्या बुंध्याला भिडली. रांग वाकवायची, तर साहेबांनी झाडच तोडायचं ठरवलं. धन्य ती अक्कल! बुंध्यावर कागद डकवला: अंध बांधवांच्या सोयीसाठी वृक्षतोड, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी.

मी तो वाचून दाखवला तेव्हा लाभूभाईंचे हात थांबले.

"माझ्या खांद्यावर बंदूक ठेवतात होय? अरे, पायाखाली लिंबोळी फुटली, गालाला गारवा लागला की मला कळतं, आपली जागा आली. ही खूण तोडून मला वाट दाखवणार?"

अर्ज मी लिहून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. माझ्याकडून जाड कागद घेतला, ब्रेलमध्ये चार ओळी टोचल्या आणि माझा हात धरून पालिकेत आले.

कारकुनाने कागद उलटसुलट केला. "काका, हा तर कोरा आहे."

"तुमचाही मला कोराच लागला. सगळा हात फिरवून पाहिला. अंधांसाठीच लावलात ना? मारा शिक्का."

शिक्का मारावा लागला. आता हरकत वाचल्याशिवाय निकाली निघेना आणि ती वाचणारा गावात एकच. शेवटी साहेबांनी सुनावणीला लाभूभाईंनाच वाचायला बोलावलं.

चार ओळींचा कागद ते पाऊण तास वाचत होते. आधी निंब. मग दवाखान्याच्या उतार नसलेल्या पायऱ्या, उघडी गटारं, फुटपाथसाठी हुसकावलेल्या भाजीवाल्या. तळाशी गेलेलं बोट पुन्हा वर येताना मला दिसत होतं. मी कशाला बोलतोय!

साहेब वैतागले. "एवढं सगळं लिहिलंय यात?"

"खोटं वाटत असेल तर वाचून बघा, साहेब."

लाद्या आता निंबाला वळसा घालून जातात. पायऱ्यांना उतार मात्र अजून झालेला नाही. काल लाभूभाई दुकानात आले आणि म्हणाले, "जाड कागद दे. या वेळी दस्ताच दे."