मधला ढब्बू ठिपका

तळेगावच्या बाजूला एका कॉलेजात मी ताईच्या हाताखाली प्रोजेक्ट असिस्टंट होतो. ताई म्हणजे आमच्या लॅबमधली पीएचडीवाली, रोज लोणावळ्याहून येणारी. तिचा विषय भारी. वेगवेगळ्या विषयांतले कोण दोघं पुढं एकत्र संशोधन करतील, ते आधीच ओळखायचं. प्रत्येक प्राध्यापक म्हणजे स्क्रीनवर एक ठिपका. दोघांनी मिळून पेपर लिहिला की मधे रेघ. ज्यांचे जोडीदार सामाईक, त्यांचं पुढं जुळायची शक्यता जास्त. थोडक्यात, वधूवर सूचक मंडळच.

पण आमचं मंडळ एकाच नवरदेवावर अडलं. कुणाचंही नाव टाका, उत्तर एकच: प्राचार्य सर! कारण आमच्याकडं रीतच होती. पेपर कुणाचाही असो, मान म्हणून सरांचं नाव घालायचं, लग्नपत्रिकेत कुलदैवत छापतात तसं. कॉम्प्युटरला मान कुठला कळतोय? त्याला वाटलं, माणूस वनस्पतीपासून वाणिज्यापर्यंत सगळीकडं राबतोय. मधोमध सरांचा ढब्बू ठिपका.

तो काढल्याशिवाय ताईचे अंदाज सगळे खोटे. आणि पीएचडीच्या वर्षाच्या सेमिनारला समोर तेच बसणार. त्यांनी नापसंत केलं की तिचं वर्ष गेलं.

कॅन्टीनमध्ये तालीम घेतली. सर मी झालो. घसा खाकरला, चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा बाळ, मला काढायचंय? कॉम्प्युटरमधून, का कॉलेजातून?"

चहावाल्या मावशी म्हणाल्या, "आरं मुडद्या, त्यांनी ऐकलं तर तुलाच काडतील हितनं!"

ताई काही हसली नाही.

सेमिनारला तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. सर उठून स्क्रीनजवळ गेले.

"मी खरंच केलेलं तेवढं ठेवलं तर?"

"चालेल सर. कुठले पेपर?"

"दोन. दोन्ही लग्नाआधीचे. डोंगरात पाणी कसं मुरतं, त्याचे."

ताईनं तिथंच बाकीच्या रेघा पुसल्या. ठिपका मोहरीएवढा होऊन कडेला गेला. सरांचा चेहरा बघून मला नक्कल सुचेना. मग नवा अंदाज आला. सरांचं जुळतंय दरडींवर काम करणाऱ्या सिव्हिलच्या सरांशी, कारण त्या जुन्या पेपरातला जोडीदार आता सिव्हिलच्या सरांबरोबर लिहीत होता.

सिव्हिलचे सर मागून म्हणाले, "सर, शनिवारी डोंगरावर चाललोय. आत पाणी कुठवर मुरलंय, तिथंच घोडं अडलंय. येता?"

"गुडघे दुखतात हो."

"निम्म्यापर्यंत गाडी जाते."

सरांनी ताईच्या कागदावर पसंतीची सही केली, पेन खिशाला लावलं आणि मागं वळून विचारलं, "बूट कसले घालायचे?"