मेथी किती भाजायची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणीला नाही. प्राजक्ताला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघते.

आधी हे इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. माझी शाळा कॉन्व्हेंट; अडचणीचं काही बोलायचं झालं की माझी जीभ आपोआप तिकडे वळते. पण इंग्रजीत ते फार सुबक झालं. वाचून मलाच माझी दया आली. म्हणून पुसून टाकलं. मराठीत मला तेवढे आडोसे ठाऊक नाहीत.

तर — मामी.

मुलुंडला आमच्या समोरच्या दारात मामी राहायच्या. मूळच्या तंजावरकडच्या, पण लग्न झाल्यापासून इथेच. सगळी बिल्डिंग त्यांना मामीच म्हणायची, वॉचमनसुद्धा. आई नोकरी करायची, त्यामुळे शाळेतून आले की मी आमच्या घरी न जाता मामींच्या स्वयंपाकघरात जायचे. ओट्याशेजारी एक बुटका पाट होता. त्यावर मी दप्तरासकट बसायचे. मामी दार उघडताना एकच विचारायच्या, “खाल्ली काय गं?” उत्तराची वाट बघायच्या नाहीत.

मी फार बोलत नाही. लहानपणी तर अजिबातच नाही. पाहुणे आले की आई ओशाळून सांगायची, “लाजते जरा.” मामींनी असं कधी कुणाला सांगितलं नाही. त्या घरात गप्प बसणं म्हणजे नुसतं गप्प बसणं होतं. मी बघत बसायचे. इडलीचं पीठ ढवळताना हात कोपरापर्यंत कसा जातो. रसमवर फेस चढला की उकळी फुटायच्या आत गॅस कसा बंद होतो. आमच्याकडे आमटी खळाखळा उकळते. इथे उकळली की वाया गेली. हे मला कुणी शिकवलं नाही. बघून बघून कळलं.

आणि पुळियोदरै. चिंचेचा भात म्हटलं तर तुम्हाला कळेल, पण तेवढंच नाही ते. मामी चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात आटवायच्या, काळ्या दगडाच्या भांड्यात. ‘कल्चट्टी’ म्हणायच्या त्याला. गॅस बंद केल्यावरही आतला मसाला कितीतरी वेळ रटरटत राहायचा. शेवटी भाजलेल्या मेथीची पूड, अगदी चिमूटभर. मेथी मंद आचेवर, रंग जेमतेम बदलेपर्यंत, वास सुटला की लगेच खाली. त्या वासाच्या क्षणी मामी माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या. बस्स. तो आमच्या दोघींचा क्षण होता. निदान मला तसं वाटायचं.

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाहीये.

मामा गेले, मुलगा मुरलीदादा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, आणि मग हळूहळू मामी विसरायला लागल्या. नारळ आणायला खाली उतरायच्या आणि केळी घेऊन यायच्या. मला कधी कधी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. मुरलीदादा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तेच बोलायचा — अम्मा, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. मामींचं उत्तर ठरलेलं होतं. ते मुरलीदादाला सांगायच्या, आईला सांगायच्या, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायच्या. “नाव विसरते, किल्ली विसरते, बरोबर. पण किचनमध्ये काय विसरली, एक तरी सांग!” त्यावर तो विषय बदलायचा. कारण ते खरं होतं. कुठल्या डब्यात काय, कशात काय किती, एवढं एक सगळं शाबूत होतं. त्या एका गोष्टीवर त्यांचं मुलुंडचं राहणं उभं होतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

मग प्राजक्ता आली.

वरच्या मजल्यावरची नवी सून, नाशिकची. पहिल्याच आठवड्यात तिने मामींची बेल वाजवली. “मामी, अख्ख्या जिन्यात वास सुटलाय हो! मला शिकवा ना.” इतकं सोपं. मी इतकी वर्षं जे डोळ्यांनी चोरून शिकले, ते ती तोंडाने मागून घेत होती. “मामी, प्रमाण काय? मामी, हिंग आधी की नंतर? मामी, हे माझ्या सासूला नका सांगू हां, तिला वाटतं मला सगळं येतं.” आणि मामी हसायच्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी मामींना कधी तसं हसवलं होतं का? आठवून बघितलं. नाही.

एक दिवस ऑफिसातून आले आणि नेहमीसारखी मामींकडे डोकावले. प्राजक्ता पाटावर बसली होती. माझ्या पाटावर. मांडीत परात, हातात ओलं खोबरं, तोंड चालूच. मला बघून म्हणाली, “अगं सायली, ये ना! बस.” मला — त्या घरात — तिने ‘बस’ म्हटलं. मी म्हणाले, काम आहे, आणि घरी जाऊन पलंगावर पडून राहिले. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच. मत्सर मोठा असतो असं मला वाटायचं. तो पाटाएवढाच असतो.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती नव्हती. डबा घेऊन आली की अर्धा आमच्या घरी द्यायची. आई म्हणायची, “किती मोकळी आहे पोरगी!” आणि मग एक क्षण माझ्याकडे बघायची. नुसती बघायची.

नवरात्राच्या थोडं आधी मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांच्याकडे नवरात्रात गोलू असायचा — पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या, आणि रोज संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला. एका दिवशी नैवेद्याला पुळियोदरै असायचाच. डॉक्टरांनी गॅसजवळ जायचं नाही म्हणून बजावलं होतं. प्राजक्ता लगेच म्हणाली, मी करते माझ्या घरी, मला फक्त सांगा. मामी डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “सायलीला विचार. तिला सगळं येते. मी जशी करते, तशीच सांगेल.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी बघत होते ते त्यांनी बघितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता ना? मला फक्त एवढंच ऐकू आलं की आता ते सगळं मी प्राजक्ताच्या हातात द्यायचं आहे.

तिने जिन्यातच विचारलं. मी सांगितलं. चिंच बरोबर, तेल बरोबर, डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता सगळं बरोबर. मेथीपाशी आले आणि म्हणाले, “मेथी चांगली काळी होईपर्यंत भाजायची. आणि दोन मोठे चमचे.”

“काळी? कडू नाही होणार?”

“तेच तर मामींचं सिक्रेट आहे.”

किती सहज आलं ते तोंडातून. मी, जिला दुकानात सुटे पैसे मागतानाही घाम फुटतो. प्राजक्ताचे डोळे चमकले. “थँक्यू गं! तू खरंच गोड आहेस.”

यातलं सगळ्यात वाईट अजून सांगितलं नाही. नैवेद्याचं चाखायचं नसतं. तुमच्या-आमच्या घरातही नसतं, मामींकडेही नव्हतं. म्हणजे वाढेपर्यंत कुणाच्या जिभेला तो भात लागणार नव्हता. मी हे विसरले होते का? नाही. मी त्यावरच विसंबले होते.

त्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका जमल्या होत्या. मुरलीदादा आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून आलेला, तोही होता, मुलीला घेऊन. नैवेद्य झाला, द्रोण वाटले. प्राजक्ता नवी काठापदराची साडी नेसून प्रत्येकीपुढे वाकत होती. पहिला घास कुणीतरी खाल्ला आणि थांबलं. मग दुसरीने. आपल्याकडे अशा वेळी बोलत नाहीत, पाणी मागतात. एकदम सगळ्यांनाच पाणी हवं झालं. मुरलीदादाची मुलगी मात्र लहान होती. ती आजीला म्हणाली, “पाटी, इट्स बिटर.”

मी प्राजक्ताच्या तोंडाकडे बघत होते. त्यासाठीच तर केलं होतं सगळं. तिचा चेहरा पडला तेव्हा मला बरं वाटलं. लिहिते तसंच — बरं वाटलं.

मामींनी एक शीत जिभेवर ठेवलं. “मेथी जळली,” त्या म्हणाल्या. “एवढी कोण बोलला घालायला?”

प्राजक्ता रडवेली झाली होती. “मामी, तुम्हीच ना? सायली म्हणाली, तुम्ही काळी करता.”

मामींनी काळा चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कळलं त्यांना. पण त्या नजरेत माझ्यावर संशय नव्हता. माझ्यावर त्यांना संशय येतच नव्हता. त्या स्वतःलाच तपासत होत्या.

“मी अशी बोलली तुला, सायली?”

खोलीत सगळे होते. मुरलीदादा होता. नाही म्हणायला एक शब्द लागत होता.

मी म्हणाले, “हो मामी. तुम्हीच सांगितलंत. मागे एकदा.”

हा माझा गुन्हा. मेथी नाही. मेथी पोरकटपणा होता, ती एका संध्याकाळीत विसरली गेली असती. हे ‘हो’.

मामींनी मान हलवली. दोनदा हलवली, जणू काही सापडल्यासारखी. मग हळूच म्हणाल्या, “असेल. बोलली असेल.” आणि द्रोण बाजूला ठेवला. मुरलीदादाने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. त्याला आता बोलायची गरज उरली नव्हती.

त्यानंतर मामी मला बोलावून मीठ बघायला सांगू लागल्या. फोडणी घालण्याआधी थांबायच्या, हात तसाच वर. “मोहरी पहले ना, सायली?” ज्या बाईने मला डोळ्यांनी सगळं दिलं, ती मला मोहरी विचारत होती. आणि मी सांगत होते. पाट पुन्हा माझा झाला होता. प्राजक्ता लाजून येईनाशी झाली होती. मला जे हवं होतं ते मला मिळालं.

पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आत त्या बेंगळुरूला गेल्या. बाहुल्या खोक्यांत भरल्या, फ्लॅट भाड्याने दिला. निघताना ‘किचनमध्ये काय विसरली, सांग’ हे वाक्य त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत. कल्चट्टी जुन्या साडीत गुंडाळून माझ्या हातात दिली. ती जड असते, माहीत असूनही मी दचकले. “तू ठेव,” म्हणाल्या. “तुलाच बरोबर याद आहे.”

तेव्हा सांगता आलं असतं. टॅक्सी खाली उभी होती, जिन्यात कुणी नव्हतं. मी “नीट जा” म्हणाले.

हे सगळं संपलं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. यंदाच्या नवरात्रात बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल आला. मुरलीदादाची मुलगी आता उंच झाली आहे. तिने पुळियोदरै केला होता, पहिल्यांदाच, पाटीला विचारून. मागे मामी बसल्या होत्या, फार बारीक झाल्या आहेत. मुलीने फोनसमोर परात धरली. भात पार काळपट दिसत होता. “बाबा म्हणतो कडू आहे,” ती इंग्रजीत म्हणाली, “पण पाटी म्हणते असाच असतो.”

मामी मागून म्हणाल्या, “मेथी काळी करायची. पहिल्यापासून तशीच. सायलीला विचार, तिला माहीत आहे.”

मुलीने फोन जवळ घेतला. तिचे डोळे थेट मामींचे आहेत. “हो ना, सायली अक्का?”

मी आमच्या ओट्याजवळ उभी होते. गॅसवर कल्चट्टी होती. त्याच दिवशी मीही केला होता — मेथी मंद आचेवर, रंग जेमतेम बदललेली, चिमूटभर. घरभर तोच वास होता. फोनमधून तो जात नाही.

मी म्हणाले, “हो.”